रेषा कुठे वाकली? सामाजिक आकडेवारीचा आलेख स्प्रेडशीटमध्ये काढताना

जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून एकूण प्रजनन दराची फाइल उतरवून घ्यायची आणि जपान, रोमेनिया आणि दक्षिण कोरिया या तीन देशांच्या रेषा एका आलेखात काढायच्या. या लेखात एवढंच काम करायचं आहे. एक्सेल, गूगल शीट्स किंवा फुकट मिळणारं लिब्रेऑफिस कॅल्क, काहीही चालेल. फंक्शनांची आणि मेन्यूंची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. शीटमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

एकूण प्रजनन दर म्हणजे काय ते आधी पक्कं करू. एखाद्या वर्षी वेगवेगळ्या वयाच्या स्त्रियांचे जे जन्मदर आहेत, तेच कायम राहिले असं धरलं, तर एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील, तो हा आकडा. हा दरहजारी नसतो आणि टक्क्यांतही नसतो. आपण काय मोजतोय हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर फाइल उघडूच नये, असं माझं मत आहे. बालमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे असतो, साक्षरता टक्क्यांत असते, आयुर्मान वर्षांत असतं. एकक डोक्यात नसलं की पुढे उभ्या अक्षावर काय लिहायचं इथपासून घोळ सुरू होतो.

आकडे आणायचे कुठून

जागतिक बँकेने २०१० मध्ये आपला आकडेसाठा सगळ्यांना मोफत खुला केला. त्यातल्या बऱ्याच मालिका १९६० पासून आहेत. लोकसंख्येशी थेट संबंधित काही हवं असेल तर संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग बघावा. त्यांचे आकडे १९५० पासून सुरू होतात आणि अंदाज २१०० पर्यंत जातात. आरोग्यासाठी जागतिक आरोग्य संघटना, रोजगारासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना. ‘आवर वर्ल्ड इन डेटा’ या ठिकाणी अनेक स्रोतांतली आकडेवारी साफसूफ करून ठेवलेली असते. एकाच देशाचा अभ्यास असेल तर त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाला पर्याय नाही, कारण मोजणीची पद्धत कधी बदलली हे तिथेच नीट लिहिलेलं सापडतं.

आपण जागतिक बँकेचीच फाइल घेऊ, कारण नवख्या माणसाला लागणाऱ्या बहुतेक ठेचा तिच्यात एका जागी आहेत.

फाइल उघडताना

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) हा पर्याय निवडला की एक झिप फाइल उतरते. आत तीन फाइली असतात. त्यांतल्या दोघींच्या नावात ‘मेटाडेटा’ असतं. तिसरी आपली, पण बाकीच्या दोन फेकू नका. व्याख्या आणि देशांबद्दलच्या टिपा त्यांच्यातच आहेत.

फाइलवर डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तर नावांत चमत्कारिक अक्षरं दिसू शकतात. त्यापेक्षा रिकामं वर्कबुक उघडून ‘डेटा’ मेन्यूतून मजकूर किंवा सीएसव्ही आयात करायचा पर्याय घ्यावा आणि तिथे यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडावी. आयात करताना आणखी एक गोष्ट बघायची. संगणकाची भाषा-प्रदेशाची सेटिंग अशी असेल की दशांशासाठी स्वल्पविराम वापरला जातो, तर १.५८ हा आकडा शीटला मजकूर वाटू शकतो. ओळखायची खूण सोपी: आकडे सेलमध्ये उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. आकड्यांच्या कॉलममध्ये डावीकडे चिकटलेलं काही दिसलं तर तिथे थांबून बघायचं.

वयोगटांच्या फाइलींमध्ये याहून वाईट प्रकार होतो. ‘१०-१४’ हा वयोगट एक्सेलला तारीख वाटतो आणि तो त्याचा महिना-दिवस करून टाकतो. एकदा सेव्ह केलं की मूळ मजकूर गेला तो गेलाच. म्हणून असा कॉलम आयात करतानाच ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवून टाकायचा.

फाइल मोठी असेल तर ओळींची मर्यादाही लक्षात ठेवा. हल्लीच्या एक्सेलमध्ये एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या एक्सएलएस प्रकारात फक्त ६५,५३६. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने जुन्या प्रकारची फाइल वापरल्यामुळे कोविडचे जवळजवळ १६,००० रुग्ण काही दिवस मोजणीतून सुटले होते. आपल्या फाइलीत तीनशेच्या आतच ओळी आहेत, त्यामुळे आज ती भीती नाही.

आकड्यांची मांडणी बदलायची

उघडलेल्या शीटमध्ये वरच्या चार ओळींत स्रोताचं नाव, अद्ययावत केल्याची तारीख आणि रिकाम्या जागा असतात. खरी शीर्षकं पाचव्या ओळीत. ती तारीख कुठेतरी टिपून ठेवा, शेवटी लागणार आहे. या शीटला ‘मूळ’ असं नाव द्या आणि तिला पुन्हा हात लावू नका. सगळी कापाकापी दुसऱ्या शीटवर करायची. हा नियम मोडणाऱ्याला आठवड्याभरात आपलाच आकडा कुठून आला ते सांगता येत नाही.

आता देश शोधायचे. जपान आणि रोमेनिया लगेच सापडतात. ‘साउथ कोरिया’ शोधलंत तर काहीच सापडणार नाही, कारण ते नाव इथे ‘कोरिया, रिपब्लिक’ अशा थाटात आहे, आणि उत्तर कोरिया ‘कोरिया, डेमोक्रॅटिक पीपल्स रिपब्लिक’ अशा थाटात. घाईत दुसरीच ओळ उचलली जाते. त्यापेक्षा शेजारच्या कॉलममधले तीन अक्षरी कोड बघा: दक्षिण कोरियाचा ‘केओआर’, उत्तर कोरियाचा ‘पीआरके’. दोन वेगळ्या फाइली जोडायच्या असतील तेव्हाही नावांवर न जाता कोडवरच जोडा.

याच यादीत देशांच्या मध्येमध्ये ‘जग’, ‘अरब देश’, ‘दक्षिण आशिया’, ‘उच्च उत्पन्न गट’ असे समूहही बसवलेले आहेत. कुणी अख्ख्या कॉलमची बेरीज करून जगाची लोकसंख्या काढायला गेलं तर ती खऱ्या संख्येच्या कित्येक पट निघेल.

शीर्षकाची ओळ आणि तिन्ही देशांच्या ओळी उचलून नव्या शीटवर ‘पेस्ट स्पेशल’मधल्या ‘ट्रान्सपोज’ने चिकटवा. आडवं होतं ते उभं झालं: पहिल्या कॉलममध्ये वर्षं, पुढच्या तीन कॉलममध्ये एकेक देश. मध्ये कोड आणि निर्देशकाच्या नावांच्या तीन ओळी येतात, त्या काढून टाका. म्हणजे १९६० हे वर्ष दुसऱ्या ओळीत येईल आणि १९६६ आठव्या. शेवटच्या एखाद-दोन वर्षांत आकडाच नसेल, तर त्या ओळीही काढा.

‘आवर वर्ल्ड इन डेटा’ची फाइल मात्र लांबोडकी असते: देश, कोड, वर्ष, आकडा असे कॉलम आणि प्रत्येक देशाच्या प्रत्येक वर्षाची वेगळी ओळ. तिच्यावर पिव्हट टेबल (लांब यादीचा आडवा-उभा तक्ता करून देणारी सोय) लावायचं, ओळींत वर्ष, कॉलमांत देश, मूल्यांच्या जागी आकडा. पिव्हट न विचारता बेरीज करतं. आधी बेरजेऐवजी ‘काउंट’ ठेवून बघा. सगळीकडे १ दिसायला हवा. कुठे २ दिसला तर त्या देशाचं ते वर्ष फाइलीत दोनदा आलंय, आणि बेरजेने तुमचा आकडा गुपचूप दुप्पट केला असता.

रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

सामाजिक आकडेवारीत भोकं असणारच. साक्षरतेचे आकडे अनेक देशांत जनगणना किंवा मोठं सर्वेक्षण होतं तेव्हाच मिळतात. जागतिक बँकेच्या ‘डेटाबँक’मधून घेतलेल्या फाइलीत अशा जागी दोन टिंबं असतात. एक्सेलच्या लेखी ती टिंबं म्हणजे मजकूर, आणि मजकूर तो आलेखात शून्य म्हणून काढतो. रेषा मध्येच तळाला जाऊन परत वर येते. ‘फाइंड अँड रिप्लेस’ने टिंबं काढून सेल खरोखर रिकामा करायचा. शोधताना ‘संपूर्ण सेल जुळला तरच’ हा पर्याय लावायचा.

मग प्रश्न येतो की रिकाम्या जागी रेषा तोडायची की जोडायची. एक्सेलमध्ये ‘सिलेक्ट डेटा’च्या खिडकीत लपलेल्या आणि रिकाम्या सेलांचं बटण आहे, तिथे दोन्ही सोयी मिळतात. एखाद-दुसरं वर्ष गायब असेल तर जोडलेलं चालतं. दहा-पंधरा वर्षांची दरी असेल तर मी रेषा जोडत नाही, नुसते ठिपके ठेवतो. जोडलेली रेषा बघणाऱ्याला सांगते की मधल्या काळात असंच सरळ घडलं, आणि ते आपल्याला ठाऊक नसतं.

आता आलेख

सगळा तक्ता निवडून ‘इन्सर्ट’मधून रेषालेख घ्या. एक्सेलमध्ये बऱ्याचदा असं होतं की तीनऐवजी चार रेषा येतात: एक दोन हजारांच्या आसपास आडवी, आणि आपल्या तिन्ही तळाशी एकमेकींना चिकटलेल्या. एक्सेलने वर्षांचा कॉलमही मोजायचा आकडा समजला. आलेख काढण्याआधी तक्त्याचा अगदी डावीकडचा वरचा सेल रिकामा केला, तर पहिला कॉलम नावांचा आहे हे त्याला कळतं. आलेख आधीच काढला असेल तर ‘सिलेक्ट डेटा’त जाऊन वर्षांची मालिका काढा आणि आडव्या अक्षाची नावं म्हणून वर्षांचा कॉलम द्या. गूगल शीट्समध्ये आलेखाच्या ‘सेटअप’मध्ये आडव्या अक्षासाठी वेगळी जागाच आहे. तिथे वर्षं १,९६० अशी स्वल्पविरामासह दिसली तर नंबर फॉरमॅट साधा करा.

वर्षं सलग असतील तर रेषालेख ठीक. पण आकडे १९५०, १९६०, १९९० आणि २००० या सालांचेच असतील तर? एक्सेलचा रेषालेख चारही ठिपके सारख्या अंतरावर मांडतो. दहा वर्षं आणि तीस वर्षं यांची लांबी एकच, म्हणजे १९६० नंतरचा बदल आहे त्यापेक्षा तिप्पट वेगाने झालेला दिसतो. अशा वेळी ‘स्कॅटर’ प्रकार घ्या, त्यातला सरळ रेषांनी जोडणारा. तो वर्षाला आकडा म्हणूनच वागवतो. अक्षाची सुरुवात आणि शेवट तेवढे हाताने भरायचे.

उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा का, यावर लोक फार हिरिरीने भांडतात. स्तंभालेखात करायलाच हवा, कारण तिथे डोळा स्तंभाची उंची मोजतो. रेषेत डोळा चढ-उतार बघतो, तिथे सक्ती नाही. आयुर्मान शून्यापासून काढलं तर सगळ्या जगाची रेषा सपाट दिसेल. आपल्या प्रजनन दराला मात्र शून्य सहज परवडतं, कारण दक्षिण कोरियाची रेषा १९६० ला सहाच्या आसपास सुरू होऊन २०२३ मध्ये ०.७२ पर्यंत उतरते.

एक छोटी युक्ती इथे छान जमते. पाचव्या कॉलममध्ये सगळ्या वर्षांसमोर २.१ भरा आणि तोही आलेखात घ्या. बालमृत्यू कमी असलेल्या देशांत लोकसंख्या स्थलांतराशिवाय टिकून राहायला साधारण एवढा दर लागतो. ही रेषा करडी आणि तुटक करा. कोणता देश कधी तिच्याखाली गेला हे न सांगता दिसतं.

रंगांच्या यादीची चौकट काढून टाका आणि देशाचं नाव रेषेच्या उजव्या टोकाशी लिहा. शेवटच्या ठिपक्यावर डेटा लेबल लावून मालिकेचं नाव दाखवलं की झालं. रेषा चार-पाचपेक्षा जास्त झाल्या तर एकच रंगीत ठेवून बाकीच्या करड्या करा. उजवीकडे दुसरा उभा अक्ष लावायचा मोह होतो, तो टाळलेला बरा. दोन अक्षांचं प्रमाण थोडं इकडे-तिकडे केलं की कोणत्याही दोन रेषा हव्या तिथे एकमेकींना छेदतात. दोन गोष्टी दोन वेगळ्या आलेखांत, एकाखाली एक ठेवाव्यात.

प्रत्येक वळणाला एकच प्रश्न

इथपर्यंतचं काम हाताचं होतं. आता आलेखाकडे बघून जिथे जिथे रेषा अचानक वाकते तिथे विचारायचं: माणसं बदलली, की मोजणी बदलली?

जपानची रेषा बघा. १९६५ ला २.१४, १९६६ ला १.५८, १९६७ ला २.२३. असा खड्डा पडला की आकडा चुकीचा टाइप झाला असं वाटतं आणि कुणी तो ‘दुरुस्त’ही करून टाकेल. पण तो खरा आहे. १९६६ हे जपानी पंचांगातलं दर साठ वर्षांनी येणारं ‘अग्नी-अश्व’ वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेल्या मुली हट्टी निघतात आणि नवऱ्याचं आयुष्य कमी करतात, अशी समजूत. लाखो जोडप्यांनी ते वर्ष टाळलं. १९८९ मध्ये जपानचा दर १.५७ झाला, म्हणजे त्या खड्ड्याच्याही खाली गेला, तेव्हा त्या देशात मोठी खळबळ उडाली. १९६६ नंतरचं अग्नी-अश्व वर्ष २०२६.

त्याच आलेखात रोमेनियाची रेषा १९६६ मध्ये १.९ आहे आणि पुढच्याच वर्षी ३.६ च्या वर. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये चाउशेस्कू सरकारने हुकूम काढून गर्भपातावर जवळजवळ बंदी घातली. त्यानंतर रेषा हळूहळू खाली येत राहते, कारण लोक वाटा शोधतात. १९८९ च्या अखेरीस राजवट पडली, बंदी उठली आणि दर आणखी घसरला. हाही बदल माणसांच्या आयुष्यातलाच.

आता जर्मनीची लोकसंख्या काढून बघा. २०१० ला सुमारे ८ कोटी १८ लाख, २०११ ला सुमारे ८ कोटी ३ लाख. एका वर्षात पंधरा लाख माणसं कुठे गेली? कुठेच नाही. २०११ मध्ये जनगणना झाली आणि आधीच्या नोंदींच्या आधारे चालत आलेला आकडा फुगलेला होता हे उघड झालं. ही पायरी कागदावरची आहे. अशा ठिकाणी रेषा सरळ जोडू नये. तिथे तोडावी किंवा उभी तुटक रेष मारून खाली ‘जनगणनेनुसार सुधारणा’ असं लिहावं.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्येचे आकडे पूर्वी पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांत अंदाजलेले असत आणि मधली वर्षं त्यावरून भरली जात. २०२२ च्या आवृत्तीत पहिल्यांदा प्रत्येक वर्षाचा वेगळा अंदाज आला. रवांडाचं आयुर्मान घ्या. जुन्या आवृत्तीत १९९४ च्या वंशसंहाराच्या आसपास काही वर्षं पसरलेला खड्डा दिसतो, नव्या आवृत्तीत त्याच एका वर्षी रेषा कड्यावरून कोसळते. घटना तीच, देश तोच, फाइल वेगळी. म्हणून जुन्या फाइलीच्या शेवटी नव्या फाइलीतली दोन-तीन वर्षं कधीही चिकटवू नयेत. नवी आवृत्ती आली की अख्खी मालिका नव्याने घ्यायची.

उलटंही होतं: रेषा फारच गुळगुळीत दिसली तरी शंका घ्यावी. जागतिक बँकेकडे बेरोजगारीच्या दोन मालिका आहेत. एक आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रतिमानावरून (गणिती मॉडेलवरून) अंदाजलेली, दुसरी देशांनी स्वतः दिलेली. पहिलीत भोकं नसतात कारण ती प्रतिमानाने भरलेली असतात. दुसरी तुटक असते. दोन देशांची तुलना करायची तर पहिली सोयीची, एका देशात खरंच काय मोजलं गेलं ते बघायचं तर दुसरी. संयुक्त राष्ट्रांच्या फाइलीत भविष्याचे अंदाजही असतात, त्यांची रेषा कायम तुटक काढावी.

सरासरीने काय पुसलं जातं

आकडे खाली-वर फार नाचत असतील तर सरकती सरासरी काढतात. पाच वर्षांसाठी जपानच्या कॉलमशेजारी, १९६६ च्या ओळीत, ‘अ‍ॅव्हरेज’ फंक्शनला बी६ ते बी१० द्यायचे आणि सूत्र खाली ओढायचं. १९६४ ते १९६८ चे आकडे २.०५, २.१४, १.५८, २.२३ आणि २.१३, सरासरी आली २.०३. अग्नी-अश्व वर्ष जवळजवळ गायब, आणि त्याचा उरलासुरला खड्डा आजूबाजूच्या पाच वर्षांत वाटला गेला. दीर्घकालीन कल दाखवायचा असेल तर हे चालेल, पण मूळ रेषा फिक्या रंगात मागे ठेवा. रोजच्या आकड्यांना सात दिवसांची सरासरी घेतात, कारण शनिवार-रविवारी नोंदी कमी होतात. महिन्यांच्या आकड्यांची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी.

लहान-मोठ्या देशांची लोकसंख्या एका आलेखात बसवायची तर पहिलं वर्ष १०० धरा: बी२ ला बी२ नेच भागून १०० ने गुणायचं, फक्त छेदातल्या २ च्या आधी डॉलरचं चिन्ह लावायचं म्हणजे सूत्र खाली ओढताना तो हलत नाही. सुरुवातीचं वर्ष युद्धाचं किंवा दुष्काळाचं निवडलंत तर पुढची सगळी रेषा प्रगतीसारखी दिसेल, एवढं भान ठेवा.

शेवटी आलेखाखाली एक ओळ हवी. आपल्या उदाहरणात ती अशी: ‘एकूण प्रजनन दर, मुलं प्रति स्त्री, १९६० पासून. स्रोत: जागतिक बँक, जागतिक विकास निर्देशक.’ तिच्यापुढे सुरुवातीला टिपून ठेवलेली अद्ययावत तारीख आणि तुम्ही फाइल उतरवली ती तारीख, दोन्ही टाका. चित्र म्हणून पाठवलेला आलेख तक्त्यापासून सुटतो, त्यामुळे ही ओळ चित्राच्या आतच लिहायची. पुढच्या वर्षी नवी फाइल आली की ‘मूळ’ शीट बदला, दुसऱ्या शीटवर तिन्ही ओळी पुन्हा घ्या आणि जुन्या वर्षांचे आकडे तेच आहेत ना ते जुना आणि नवा कॉलम एकमेकांतून वजा करून बघा. जिथे शून्य येणार नाही तिथे मेटाडेटाची फाइल उघडायची.